मायामीतली लॅटिनो मुलं, फॅमिली थेरपी आणि 'अॅकल्चरेशन गॅप': केसबद्दल सल्ला हवाय

मुक्ता_हायलिया

नमस्कार मंडळी. इथे समुपदेशनातले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी फ्लोरिडात मॅरेज अँड फॅमिली थेरपीचं मास्टर्स करतेय, इंटर्नशिप हायलियातल्या एका क्लिनिकमध्ये आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हायलिया मायामीला चिकटूनच आहे. वस्ती मुख्यतः क्यूबन, पण आता निकाराग्वा, होंडुरास, व्हेनेझुएलाहून आलेलीही पुष्कळ कुटुंबं. दुकानांच्या पाट्यांपासून दवाखान्यातल्या फॉर्मपर्यंत सगळं स्पॅनिशमध्ये चालतं. माझं स्पॅनिश कामापुरतं. समोरचा भरभर बोलायला लागला की तारांबळ उडते.

तर केस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा 15 वर्षांचा, होंडुरासचा. तो चार वर्षांचा असताना आई एकटीच अमेरिकेत आली, तो आजीकडे वाढला, अकराव्या वर्षी इथे आला. आई मायामी बीचवरच्या हॉटेलात खोल्या साफ करते, जायला दोन बस बदलते. घरात सावत्र वडील आणि इथेच जन्मलेली पाच वर्षांची बहीण. मुलाचं शाळा बुडवणं, गांजाचं व्हेप, घरी आरडाओरडा. शाळेने आमच्याकडे पाठवलंय.

सुपरवायझरने मला 'अॅकल्चरेशन गॅप' (नव्या देशाचं वळण पालक आणि मूल वेगवेगळ्या वेगाने उचलतात, त्यातलं अंतर) या विषयावर हीच केस मांडायला सांगितलीय. मी दोघांकडून स्केल, म्हणजे हे वळण मोजायची प्रश्नावली, भरून घेतली. आईचा 'अमेरिकन' स्कोअर तळाला, मुलाचा चांगलाच वर. क्लिनिकमध्ये सगळे म्हणाले, बघ, पुस्तकातलं उदाहरण! मुलगा भराभर अमेरिकन झाला, आई मागे राहिली, म्हणून भांडणं.

पण मला खोलीत तसं दिसत नाहीये. एक तर भांडणं संस्कृतीवरून होतच नाहीत. फोन, उशिरा येणं, 'तू मला विचारलं नाहीस' ह्यावरून होतात. आई एकच वाक्य धरून बसते, 'नो मे रेस्पेता', हा मला मान देत नाही. दुसरं म्हणजे हा मुलगा आईशी फक्त इंग्रजीत बोलतो, जे तिला जेमतेम कळतं. आणि परवा सेशन संपल्यावर बाहेर व्हॉट्सअॅपवर आजीशी बोलत होता, इतकं झरझर, गोड स्पॅनिश की मी बघतच राहिले.

मग हा गॅप नेमका कशाचा? आणि थेरपीत मी तो 'कमी' करायचा म्हणजे काय करायचं? सावत्र वडील एकदाही आलेले नाहीत, आई म्हणते ते येणारच नाहीत.

---

टेक्सासची_बाई

मी ह्यूस्टनला मिडल स्कूलमध्ये शिकवते. थेरपीतलं कळत नाही, पण अशी मुलं दर वर्षी वर्गात असतात. शाळेचं पत्र घरी गेलं की वाचून दाखवणारा तोच, पालकसभेला दुभाष्या तोच. 'तुमचा मुलगा तीन तासांना गैरहजर होता' हे आईला सांगायचं कुणी, तर त्यानेच! मग तो काय सांगत असेल ते सांगायला नको. तुझ्याकडे निदान तू स्पॅनिश बोलतेस हे बरं आहे. एवढंच.

---

सुलभा_प

मुक्ता, तू आजीच्या फोनची गोष्ट लिहिलीस म्हणून लॉगिन केलं, नाहीतर हल्ली नुसती वाचून जाते.

मी मायामीत लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर होते, आता निवृत्त. सगळी नोकरी अशाच कुटुंबांत गेली. तू ज्या कल्पनेशी झगडतेयस तिचं एक माहेर मायामीच आहे, म्हणून आधी ती कुठून आली ते सांगते. प्रेझेंटेशनमध्येही उपयोगी पडेल.

1959च्या क्रांतीनंतर क्यूबातून लोक लोंढ्यांनी मायामीत आले. सत्तरच्या दशकापर्यंत त्यांची पोरं वयात आली आणि घराघरात ड्रग्ज, मारामाऱ्या, पळून जाणं सुरू झालं. होझे सापोच्निक हे मायामी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ तेव्हा लिटल हवानातल्या स्पॅनिश फॅमिली गायडन्स सेंटरमध्ये हेच बघत होते. 1978 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अॅकल्चरेशनचा सिद्धांत आणि मोजपट्टी मांडली. नव्या देशाचे रीतिरिवाज माणूस किती वेगाने उचलतो हे तो तिथे किती काळ आहे, त्याचं वय काय आणि तो पुरुष की बाई यावर ठरतं. तरुण पोरं सगळ्यात पुढे, मध्यमवयीन बायका सगळ्यात मागे. आणि एकाच घरात ही दोन टोकं राहतात. त्याच कामातली एक गोष्ट लोक विसरतात: त्रास फक्त पोरांना होत नव्हता. मागे पडलेल्या मध्यमवयीन बायका झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्यांवर जगत होत्या. पोराच्या हातातली सिगरेट सगळ्यांना दिसते, आईच्या पर्समधली बाटली कुणी उघडून बघत नाही. तुझ्या केसमधली आई झोपते का, हे विचारलंयस का? नसेल तर विचार.

आता पुढचं, जे तुमच्या क्लिनिकमध्ये कुणी सांगितलेलं दिसत नाही. सापोच्निक तिथे थांबले नाहीत. मूळचे अर्जेंटिनाचे साल्व्हादोर मिनुचिन यांची स्ट्रक्चरल फॅमिली थेरपी (घरातल्या नात्यांची रचना बदलणारी) त्यांनी घेतली, तिला स्ट्रॅटेजिक पद्धतीची (नेमक्या अडचणीवर आखून उपाय करण्याची) जोड दिली आणि त्यातून ब्रीफ स्ट्रॅटेजिक फॅमिली थेरपी उभी केली. साधारण 12 ते 16 सेशन्स. त्यात सगळा भर एका फरकावर: कुटुंब कशावरून भांडतं हा मजकूर झाला. कोण कुणाशी बोलतं, कोण मध्ये पडतं, कोण कुणाच्या बाजूने उभं राहतं, ही घडण झाली. मजकूर रोज बदलतो. आज फोन, उद्या केस रंगवणं, परवा गर्लफ्रेंड. घडण तीच राहते. थेरपिस्टने हात घालायचा तो घडणीला. आणि 'तू अमेरिकन, मी होंडुरासची' हाही बहुतेक वेळा मजकूरच असतो गं.

तुझी आई (म्हणजे केसमधली!) तक्रार कुणाकडे करते? तुझ्याकडे. मुलगा उत्तर कुणाला देतो? तुला, इंग्रजीत. म्हणजे दोघंही तुझ्याशी बोलताहेत आणि तू मध्ये टेलिफोन एक्स्चेंज झालीयस. पुढच्या वेळी आई 'हा मला मान देत नाही' म्हणाली की खुर्ची जरा मागे घे आणि म्हण, त्याच्याकडे बघून त्याला सांगा. मग गप्प बस. पहिली दोन मिनिटं भयंकर जातात. आई पुन्हा तुझ्याकडे वळेल, तू जमिनीकडे बघ. ह्याला एनॅक्टमेंट म्हणतात हे तुला माहीत असेलच, पण शिकवताना कुणी सांगत नाही की थेरपिस्टचं निम्मं काम तिथे नजर चुकवण्याचं असतं.

माझ्याकडे एक घर होतं, आई आणि सोळा वर्षांची मुलगी. मुलगी पाठ फिरवून बसायची, अक्षरशः भिंतीकडे तोंड. आई माझ्याकडे बघून तिचा पाढा वाचायची. मी आईला म्हटलं, तिच्या शेजारच्या खुर्चीवर जा आणि हेच तिला सांगा. गेली. बसली. आणि पाढा विसरली! म्हणाली, 'तू जेवलीस का?' मुलीने मान हलवली, नाही म्हणून. त्या तासाभरात दोघींमध्ये थेट झालेला पहिला संवाद तो. मी पुढचा सगळा वेळ त्या जेवणावरच काढला: कधी जेवतेस, कुणाबरोबर, घरी कोण असतं. माझ्या सहकाऱ्याला वाटलं मी वेळ वाया घालवला.

आणि तुझा मुलगा स्पॅनिश विसरलेला नाही. तो ते आजीसाठी राखून ठेवतोय. चार ते अकरा, ती सात वर्षं त्याची आई कोण होती? कॅरोला सुआरेझ-ओरोझ्को आणि सहकाऱ्यांचा 2002चा अभ्यास वाच. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या 385 मुलांपैकी 85 टक्के स्थलांतराच्या काळात आई किंवा वडील किंवा दोघांपासून काही काळ तुटलेली होती. आई इकडे राबून पैसे पाठवते, मनात म्हणते सगळं त्याच्यासाठीच. मुलगा येतो तेव्हा त्याला एक अनोळखी बाई, तिचा नवरा आणि कायम आईजवळच राहिलेली एक छोटी मुलगी भेटते. त्याला आजी सोडावी लागली याचं दुःख आणि आईला त्याच्याकडून हवी असलेली कृतज्ञता, दोन्ही एकाच सोफ्यावर. स्केलमध्ये ह्याचा एक तरी प्रश्न आहे का?

---

आकडेमोड

मी पब्लिक हेल्थमध्ये संख्याशास्त्राचं काम करतो, माणसांचं नाही, त्यामुळे सुलभाताईंइतकं रसाळ लिहिता येणार नाही. दोन मुद्दे.

पहिला, दोन स्कोअरची वजाबाकी करून त्याला 'गॅप' म्हणणं हे मुळात डळमळीत आहे. आई 2 आणि मुलगा 4, किंवा आई 1 आणि मुलगा 3, वजाबाकी तीच, घरं मात्र वेगळी. शिवाय अमेरिकन वळण आणि मूळ संस्कृतीशी नातं या दोन स्वतंत्र पट्ट्या आहेत, एक वाढली म्हणून दुसरी घटत नाही. मुक्ताच्या मुलाचं आजीशी बोलणं हेच दाखवतं. 2010 साली श्वार्ट्झ, उंगर, झाम्बोआंगा आणि स्वतः सापोच्निक यांनी लिहिलंय की रोजच्या सवयी, मूल्यं आणि स्वतःची ओळख हे तिन्ही वेगवेगळे मोजावे लागतात. बहुतेक स्केल भाषा आणि टीव्ही-गाणी यांवरच अडकलेल्या असतात.

दुसरा, गॅपमुळे मुलं बिघडतात हा पुरावा वाटतो तितका सरळ नाही. ॲना लाऊ आणि सहकाऱ्यांनी 2005 साली सॅन दिएगोकडची मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबं तपासली, आधीच अडचणीत असलेली मुलं. मुलगा आईवडिलांपेक्षा जास्त अमेरिकन झालाय अशा घरांत भांडणं किंवा वर्तनाच्या तक्रारी जास्त निघाल्या नाहीत. उलट मुलगाच पालकांपेक्षा जास्त पारंपरिक आहे, अशा घरांत वर्तनाच्या तक्रारी जास्त होत्या.

आणि ताई, एक खडा टाकतोच. त्या ब्रीफ स्ट्रॅटेजिकची मोठी चाचणी 2011 साली प्रसिद्ध झाली, 8 संस्था, 480 मुलं आणि त्यांची कुटुंबं. ड्रग्जच्या वापराचा आलेख नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा निघाला नाही. मग इतका गवगवा कशासाठी?

---

परदेशस्थ_बाबा

वाचून वाटलं, आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी घरांतही हेच तर चाललंय! आमचा मुलगा पण मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो.

---

सुलभा_प

बाबा, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन. तुमचं पोर सात वर्षं तुमच्याशिवाय राहिलेलं नाही आणि त्याच्या आईला कागदपत्रांची धास्ती नाही. इथे मुक्ताचीच केस चालू दे.

आकडेमोड, लाऊंचं मला पटतं. जो मुलगा घरच्यांपेक्षा जुन्या देशाला जास्त धरून बसलाय, त्याला नव्या शाळेत धड पाय ठेवायला जागाच मिळालेली नसते, असं मी तरी बघितलंय. 2011च्या चाचणीबद्दल: खडा बरोबर आहे. ड्रग्जच्या आलेखात फरक नाही निघाला. पण त्याच चाचणीत कुटुंबं उपचारात जास्त टिकली आणि पालकांच्या सांगण्यानुसार घरातलं वागणं सुधारलं. शिवाय थेरपिस्टने पद्धत जितकी नेटकी वापरली तितके निकाल बरे, हेही त्यातूनच पुढे आलं. लहान संस्थांमध्ये एकेका थेरपिस्टवर किती केसेस असतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मला नवल वाटलं नाही. ही पद्धत म्हणजे रामबाण, असं मी कधीच म्हणणार नाही. 'टिकली' ह्या शब्दावर मात्र बोट ठेवीन, कारण आमच्या धंद्यात निम्मी लढाई दारातच हरतात.

मुक्ता, इथेच तुझे सावत्र वडील येतात. 1988 साली सापोच्निकांच्या गटाने 108 हिस्पॅनिक कुटुंबांवर बघितलं. घरात ड्रग्ज घेणारा मुलगा. अर्ध्यांना नेहमीसारखं बोलावलं: फोन, तारीख, या म्हणून. बाकीच्यांसाठी पहिल्या फोनपासूनच थेरपी सुरू झाल्यासारखं वागले: न येणारा कोण, का येत नाही, त्याला काय हवंय, गरज पडली तर घरी जाऊन. पहिल्या गटातली 42 टक्के कुटुंबं आली, दुसऱ्यातली 93. शेवटपर्यंत टिकली 25 टक्के विरुद्ध 77. 'हे लोक येतच नाहीत, त्यांना थेरपीचं महत्त्व नाही' असं मी मीटिंगांमध्ये इतकं ऐकलंय की ह्या आकड्यांची फ्रेम करून लावावी.

त्यातला गाभा असा की जे चक्र घरात मुलाला अडकवतं, तेच चक्र माणसाला तुझ्या खोलीत येऊ देत नाही. 'ते येणारच नाहीत' हे तुला कोण सांगतंय? आई. तिने निरोप पोचवला असेल तरी कसा पोचवला असेल? 'तुम्हाला बोलावलंय, तुमच्यामुळेच झालंय सगळं', असा. तू स्वतः फोन कर. आईच्या परवानगीने, पण तिच्यामार्फत नाही. आणि 'या' म्हणू नकोस. म्हण, घरात काय चाललंय ते तुमच्या नजरेतून मला अजून कळलेलं नाही. फरशा बसवणाऱ्या एका बाबांना मी त्यांच्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून भेटले होते, लंच ब्रेकमध्ये. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: 'तो माझा मुलगा नाही, मी ओरडलो तर ती मला म्हणते तुझा काय संबंध, नाही ओरडलो तर म्हणते तुला काही पडलेली नाही.' सगळी केस त्या एका वाक्यात होती आणि आम्ही कित्येक आठवडे त्यांच्याशिवाय सेशन्स घेत होतो.

तरीही नाहीच आले, तर हातपाय गाळू नकोस. ऐंशीच्या दशकात ह्याच मंडळींनी एकाच माणसाबरोबर फॅमिली थेरपी करून बघितली, म्हणजे खोलीत एकटा मुलगा पण काम सगळ्या घरावर, आणि ती अख्ख्या कुटुंबाला घेऊन केलेल्या थेरपीच्या तोडीस तोड ठरली. उलट मुलाला एकटं घेऊन फक्त त्याच्या मनात शिरत बसलं की काय होतं, तेही बघितलंय. 1989चा अभ्यास, 6 ते 12 वर्षांचे 69 हिस्पॅनिक मुलगे. वैयक्तिक थेरपीतले मुलगेही सुधारले, पण वर्षभराने बघितलं तर त्यांच्या घरांचं वागणं खालावलं होतं. फॅमिली थेरपीवाल्यांचं सुधारलं होतं. मुलगा बदलला आणि घराला तो नवा मुलगा कुठे बसवायचा ते कळेना, असं मी त्याचं वाचन करते.

---

मुक्ता_हायलिया

ताई, खूप खूप धन्यवाद. आई झोपते का हे खरंच विचारलं नव्हतं. काल फोनवर विचारलं. चार तास, आणि मैत्रिणीकडून घेतलेली कसलीतरी गोळी. सुपरवायझरला कळवलं, आमच्या नर्सशी तिची भेट ठरवलीय.

आकडेमोड, लाऊंचा पेपर मिळाला, मांडणीत घेतेय.

दोन गोष्टी अजून विचारते. संस्कृती मजकूर असेल तर मग ती बाजूलाच टाकायची का? आईसाठी 'रेस्पेतो' ही खूप खरी गोष्ट आहे, मला ती नुसता मजकूर म्हणून झटकता येत नाहीये. आणि मुलगा इंग्रजीत बोलायला लागला की मी भाषांतर करावं का?

---

सुलभा_प

भाषांतर अजिबात नको. तू केलंस की तो आयुष्यभर तुझ्याशीच बोलेल. आईला विचारायला लाव: 'मला समजलं नाही, पुन्हा सांग.' मोठ्या माणसाने स्वतःच्या पोराला असं म्हणणं तिला जड जाईल, म्हणून तिच्या बाजूला तू बस, त्याच्या नाही. आणि शाळेची पत्रं त्याच्याकडून वाचून घेणं बंद करायला सांग. शाळेकडे स्पॅनिशमध्ये मागता येतात.

आणि संस्कृती झटकायची तर मुळीच नाही. क्यूबन कुटुंबांवरच्या सुरुवातीच्या कामातच सापोच्निकांच्या गटाला दिसलं होतं की ह्या घरांना नात्यात उतरंड हवी असते, मोठे वर, धाकटे खाली, आणि थेरपिस्टने ती मान्य करून आत शिरावं. तू आईला सगळ्यांसमोर 'मुलाशी मैत्री करा' म्हणालीस तर ती पुढच्या आठवड्यात येणार नाही. तिला घराची प्रमुख म्हणूनच वागव, पहिला प्रश्न तिला, शेवटचा शब्द तिचा.

आणि संस्कृती कामाला लावायची एक युक्ती त्यांच्याकडेच आहे, 1984 साली मांडलेलं बायकल्चरल इफेक्टिव्हनेस ट्रेनिंग. आई विरुद्ध मुलगा हे भांडण उचलून दोन संस्कृतींमधल्या ताणावर नेऊन ठेवायचं, म्हणजे दोघं एका बाजूला येतात. मग फुली मारल्यासारख्या उलट जोड्या लावायच्या: आईला इथल्या जगाची गोडी, मुलाला तिकडच्या जगाची. क्यूबन-अमेरिकन कुटुंबांवर ते तपासलं तेव्हा नेहमीच्या स्ट्रक्चरल थेरपीइतकंच चाललं, जास्त नाही. म्हणून मी ते आख्खं कधी वापरलं नाही, जोड्यांची कल्पना मात्र सतत वापरली. तुझ्याकडे तर दुसरी जोडी तयार आहे, आजी. तिला एका सेशनला व्हिडिओवर घे. पण आधी आईची तयारी कर, कारण आजी-नातवाचं झरझर बोलणं तिच्यासमोर झालं तर तिला ते सोसणार नाही. आजीने आईला विचारायचं आणि आईने मुलाला, अशी वाट ठरवून घे. आजीकडून एक वाक्य आईसमोर वदवून घेता आलं तर बघ: 'आता तू तिचं ऐक.' मुलाला आजीकडून परवानगी हवी असते, हे कुठल्या स्केलवर येत नाही.

---

मुक्ता_हायलिया

सावत्र वडिलांना फोन केला. पाऊण तास बोलले! येतील, पण रात्री आठनंतर आणि क्लिनिक सातला बंद होतं. घरी जाऊन सेशन घ्यायला सुपरवायझर 'बघू' म्हणाल्यात, इन्शुरन्सचा कोड लागतो म्हणे. कुणाला फ्लोरिडा मेडिकेडमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) घरी जाऊन घेतलेल्या फॅमिली सेशनचं बिलिंग कसं करतात ते माहीत असेल तर व्यनि करा प्लीज.